विल्यम कॅरी याचें पाचारण : चरित्रकथा व अस्सल साधनें

मराठी ग्रंथसंग्राहकांस विल्यम कॅरी हें नांव नवें नाहीं. इ. स. १८०५ सालीं श्रीरामपूरच्या छापखान्यांत छापलेलें मराठी भाषेचें व्याकरण आणि मराठी शब्द मोडी टायपांत दिलेला १८१० सालचा कोश, हीं दोन पुस्तकें ज्यांच्या संग्रहीं असतील ते तीं अभिमानानेंच दाखवितील. परंतु हीं पुस्तकें सिद्ध करणारा गृहस्थ बाप्टिस्ट पंथाचा उपदेशक कोणत्या मार्गानें झाला व त्याच्या अंतःकरणांत कोणत्या श्रद्धा रुजलेल्या होत्या, ह्याचा विचार त्या पुस्तकांच्या वर्णनांत सहसा येत नाहीं. तो मोची होता, ईश्वरानें त्यास हांक मारली, आणि तो हिंदुस्थानांत आला, अशा तीन वाक्यांत तो विषय आटोपण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखांत ह्या तीन वाक्यांचीच परीक्षा करण्याचें योजिलें आहे.

प्रथम साधनांविषयीं. कॅरीचीं प्रमुख इंग्रजी चरित्रें चार. पहिलें त्याचा पुतण्या युस्टेस कॅरी ह्याचें, १८३६ सालचें. दुसरें जॉन क्लार्क मार्शमन ह्याचें, १८५९ चें. तिसरें जॉर्ज स्मिथ ह्याचें, १८८५ चें. आणि चौथें एस्. पिअर्स कॅरी ह्याचें, १९२३ चें. पहिला लेखक पुतण्या, दुसरा कॅरीच्या सहकाऱ्याचा पुत्र व चौथा पणतू. म्हणजे चारांपैकीं तीन चरित्रें घरच्याच माणसांनीं लिहिलेलीं आहेत. ह्या चरित्रांच्या पलीकडे दुसऱ्या प्रतीचीं साधनें आहेत : कॅरीनें बंगालमधून स्वदेशीं पाठविलेलीं पत्रें, त्यांत आलेलें पूर्वायुष्याचें निवेदन, त्याच्या स्नेह्यांच्या आठवणी, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ओल्नी येथील बाप्टिस्ट मंडळीच्या सभांची नोंदवही. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखर आणि अस्सल पत्र ह्यांतील भेद कठोरपणें मांडला. तोच कांटा येथेंही लावला पाहिजे. बखर खोटीच असते असें नाहीं. परंतु ती घडलेल्या गोष्टीस शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या दृष्टीनें पाहते. कॅरीच्या चरित्रकारांचेंही तसेंच झालें आहे.

जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं, नॉर्दॅम्प्टनशर परगण्यांतील पॉलर्सपरी ह्या खेड्यांत. बाप एडमंड हा विणकर होता. पुढें तो गांवच्या चर्चचा कारकून व शाळामास्तर झाला. म्हणजे घराणें राजमान्य इंग्लिश चर्चच्या आश्रयाचें होतें, आणि मुलाचा बाप्तिस्माही तान्हेपणींच त्या चर्चमध्यें झाला. पुढें तो क्लार्क निकल्स ह्या मोच्याकडे उमेदवार म्हणून राहिला. तेथें त्याच्यापेक्षां वडील उमेदवार जॉन वॉर हा राजमान्य चर्चपासून फुटलेल्या पंथाचा होता. दोघांचे वाद होत. वादांत कॅरी बोलण्यानें जिंकी, पण मनांतून हरे, असें त्याच्याच निवेदनावरून दिसतें.

ह्याच निवेदनांत त्यानें नाताळच्या पोस्तीची एक गोष्ट सांगितली आहे. एका लोखंडी सामानाच्या दुकानदारानें पोस्त म्हणून त्यास शिलिंग दिला, तो खोटा निघाला. मुलानें तो धन्याच्या पैशांत मिसळून धन्याचा चांगला शिलिंग स्वतःकडे ठेवण्याचा बेत केला. इतकेंच नव्हे तर ही लबाडी पचूं दे, म्हणजे पुढें वाईट कर्में सोडीन, अशी ईश्वराची प्रार्थनाही केली! लबाडी उघडकीस आली आणि कित्येक दिवस त्यास लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटली.

चरित्रकार ही गोष्ट घेतात ती पुढील थोरवीची पायरी म्हणून. आम्हांस ती निराळ्या कारणानें मोलाची वाटते. आत्मनिवेदन लिहिणारा मनुष्य पाचारणाचा पुरावा म्हणून येथें दिव्य दर्शन किंवा आकाशवाणी सांगत नाहीं. एक खोटें नाणें पुढें ठेवतो. आपण स्वभावतःच दोषी आहों व आपली प्रार्थनासुद्धां दोषयुक्त असूं शकते, हा त्याच्या श्रद्धेचा पहिला सिद्धांत होता. ती श्रद्धा मरेपर्यंत टिकली, हें पुढें दिसेलच. अर्थात् त्या काळच्या प्युरिटन वळणाच्या आत्मनिवेदनांत पापाची कबुली हा ठरलेलाच भाग असे, हें वाचकानें विसरतां कामा नये. आपल्याकडील संतांच्या आत्मनिवेदनांतही स्वतःस पतित म्हणण्याची रीत आहेच. परंतु साच्यांतून ओतलेल्या कबुलींत शिलिंगाचा व्यवहार इतका बारकाईनें येत नाहीं. म्हणून हा भाग आम्ही विश्वसनीय धरतों.

१० फेब्रुवारी १७७९ हा दिवस अमेरिकेंतील युद्धामुळें इंग्लंडांत उपवास व प्रार्थनेसाठीं राजाज्ञेनें नेमलेला होता. त्या दिवशीं कॅरी हॅकल्टन येथील फुटीर मंडळीच्या सभेस गेला. टॉमस चेटर ह्यानें तेथें उपदेश केला. त्यांत छावणीबाहेर जाऊन ख्रिस्ताची निंदा आपल्या अंगावर घ्यावी, अशा अर्थाचें इब्री लोकांस पत्रांतील वचन आलें. राजमान्य चर्चच्या सुखाच्या कोटाबाहेर पडणें हेंच आपलें कर्तव्य, असा अर्थ कॅरीनें त्यांतून घेतला. तेव्हां त्याचें वय अवघें १७ वर्षांचें होतें. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, ५ ऑक्टोबर १७८३ रोजीं, नॉर्दॅम्प्टन येथें नेन नदींत कनिष्ठ जॉन रायलंड ह्यानें त्यास पाण्यांत बुडवून बाप्तिस्मा दिला. श्रद्धा समजून उमजून कबूल करणाऱ्यासच बाप्तिस्मा द्यावा, तान्ह्या मुलास देऊं नये, हा बाप्टिस्टांचा मुख्य सिद्धांत. बापाच्या चर्चमध्यें मिळालेला बाप्तिस्मा त्यानें ह्या कृतीनें अपुरा ठरविला.

आतां ओल्नीच्या नोंदवहीकडे वळूं. बाप्टिस्ट पंथांत बिशप नाहीं. कोणी मनुष्य मला ईश्वरानें उपदेशक होण्यास बोलाविलें म्हणाला, तर तें बोलावणें खरें कीं खोटें ह्याचा निवाडा स्थानिक मंडळीनें करावयाचा असतो. १७ जून १७८५ रोजीं ओल्नीच्या मंडळीपुढें कॅरीची विनंती आली. त्याची वर्तणूक चांगली आहे, तो ठिकठिकाणीं उपदेश करितो व कोणा तरी सुव्यवस्थित मंडळीकडून रीतसर पाठविला जावा अशी त्याची इच्छा आहे, असें तींत नमूद आहे. त्यास कोणत्या रीतीनें मंडळींत घ्यावें ह्याचीच चर्चा होऊन निर्णय पुढील सभेवर गेला. १४ जुलै रोजीं त्यास सभासद करून घेतलें. १७ जुलै रोजीं त्यानें मंडळीपुढें उपदेश केला. निकाल काय? जेथें तो उपदेश करीत आला आहे तेथें त्यानें खुशाल करावा. परंतु आमच्यापुढें त्यानें आणखी कांहीं काळ बोलावें, म्हणजे त्याच्या गुणांची अधिक पारख करितां येईल. पुढील नोंद १६ जून १७८६ ची : सर्वांचें समाधान झालें. आणि १० ऑगस्ट १७८६ रोजीं त्यास उपदेशकाच्या कार्यास बोलावून रवाना करण्यांत आलें.

विनंतीपासून पाठवणीपर्यंत जवळजवळ चौदा महिने गेले. ह्या नोंदी जॉर्ज स्मिथनें आपल्या ग्रंथांत छापल्या आहेत, त्याबद्दल संशोधकांनीं त्याचे ऋणी असावें. परंतु छापूनही त्यांचा अर्थ चरित्राच्या ओघांत हरवला आहे. भावी महापुरुषास गांवढ्या मंडळीनें ओळखलें नाहीं, असा सूर तेथें लागतो. आमच्या मतें वस्तुस्थिति उलट आहे. त्या खेडवळ मंडळीनें जें केलें तें तिच्या सिद्धांतास धरूनच केलें, आणि कॅरीनेंही तें निमूटपणें मान्य केलें. पाचारण ही त्याच्या लेखीं खाजगी मालमत्ता नव्हती. चारचौघांच्या पारखीस उतरेपर्यंत तें सिद्ध होत नसे. पुढें १ ऑगस्ट १७८७ रोजीं मूल्टन येथें त्याची पाळक म्हणून स्थापना झाली. तेथील तुटपुंज्या वेतनांत भागेना, म्हणून शाळा व जोडे शिवणें चालूच राहिलें. १७८९ सालीं तो लेस्टर येथील हार्वी लेन मंडळीकडे गेला. त्या मंडळींत अनाचार माजला होता. तेव्हां १७९० सालीं तिच्या सभासदत्वाचें विसर्जन करून, नव्या शिस्तीस जे कबूल होतील त्यांचीच मंडळी पुन्हां उभारावी लागली. ज्यानें आपली पारख करून घेतली होती त्यानेंच आतां इतरांची पारख केली.

बखरीचा रंग कोठें चढला आहे ह्याचीं दोन उदाहरणें देतों. पहिलें ज्येष्ठ रायलंडच्या दटावणीचें. उपदेशकांच्या सभेंत तरुण कॅरीनें, प्रेषितांस दिलेली सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा आजच्या उपदेशकांसही लागू आहे काय, असा प्रश्न काढला. तेव्हां वृद्ध रायलंडनें, देवाला परधर्मीयांस वळवावयाचें असेल तर तो तुमच्या आमच्या मदतीवांचून वळवील, असें म्हणून त्यास खालीं बसविलें, अशी ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती मुख्यतः मॉरिस ह्या समकालीन उपदेशकाच्या सांगण्यावर उभी आहे. उलट त्या वृद्धाच्या पुत्रानें, म्हणजे ज्यानें कॅरीस बाप्तिस्मा दिला त्याच कनिष्ठ रायलंडनें, फुलर ह्याच्या चरित्रांत लिहून ठेविलें आहे कीं ही गोष्ट आपण छापून आल्यावरच प्रथम पाहिली व ती आपणास मुळींच खरी वाटत नाहीं. पुत्राचा नकार पितृभक्तीनेंही येऊं शकतो, हें आम्ही जाणतों. दोन्ही साक्षींपैकीं एकीनेंही निवाडा होत नाहीं. पण निवाड्याची गरजही नाहीं; कारण ती आज्ञा प्रेषितांपुरतीच होती हें मत त्या काळीं प्रचलित होतें, हें खुद्द कॅरीच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणांतील खंडनावरूनच सिद्ध होतें. मत खरें होतें, मग तें दटावणीच्या रूपानें एका म्हाताऱ्याच्या तोंडीं आलें असो वा नसो. असें असतां सर्व चरित्रांनीं दटावणीसच मध्यवर्ती स्थान कां द्यावें? नाट्यास प्रतिनायक लागतो, हेंच त्याचें उत्तर.

दुसरें उदाहरण नकाशाचें. कॅरीनें चामड्याचा पृथ्वीगोल केला होता, ही लोकप्रिय समजूत. अँड्र्यू फुलर ह्यानें जें डोळ्यांनीं पाहिलें तें निराळें : कागदाचे अनेक ताव एकास एक चिकटवून केलेला मोठा नकाशा भिंतीवर टांगलेला, व त्यावर देशोदेशींची माहिती टिपलेली. मोच्याच्या हातीं चामडें शोभतें म्हणून परंपरेनें तें दिलें असावें. साक्षीदार मात्र कागदच सांगतो.

आतां श्रद्धेचा मूळ गाभा. कॅरी ज्या 'पर्टिक्युलर बाप्टिस्ट' शाखेचा होता ती कॅल्व्हिनमतानुयायी. तारण होणारे ईश्वरानें आधींच निवडले आहेत, हें तिचें मत. ह्यांतून कांहींनीं असा निष्कर्ष काढला होता कीं, मग सर्वांस श्रद्धा ठेवण्याचा उपदेश करण्याचें प्रयोजनच नाहीं. दैव व प्रयत्न ह्यांचा वाद आपल्या वाचकांस परका नाहीं. दासबोधांत समर्थांनीं प्रयत्नाचा केवढा पुरस्कार केला आहे हें सर्वश्रुत आहे. इंग्लंडांतील बाप्टिस्टांत तो पुरस्कार रॉबर्ट हॉल (ज्येष्ठ) ह्यानें १७८१ सालीं व फुलर ह्यानें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांनीं केला. हॉलच्या पुस्तकाचा सारांश कॅरीनें आपल्या प्रतीच्या समासांत लिहून काढला होता. समासलेखनाचें महत्त्व जाणणाऱ्या संग्राहकांस ह्यावरून त्या वाचनाची खोली कळेल. निवड ईश्वराची, परंतु साधनें योजणें मनुष्याचें, ह्या मिश्रणांत कॅरीची सारी श्रद्धा येते. त्याच्या १७९२ सालच्या 'एन्क्वायरी' ह्या पुस्तकाच्या लांबलचक नांवांतही 'साधनें योजण्याचें कर्तव्य' हे शब्द आहेत.

तें पुस्तक पाहतांना भक्तिग्रंथ हातीं घेतल्यासारखें वाटतच नाहीं. तिसऱ्या प्रकरणांत देशांचीं कोष्टकें आहेत : लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. चवथ्यांत तो म्हणतो कीं व्यापारी पाणमांजरांच्या थोड्या कातड्यांच्या नफ्यासाठीं जगाच्या टोंकास जातात. तेवढें प्रेम माणसांच्या आत्म्यांविषयीं असलें म्हणजे पुरे. शेवटच्या प्रकरणांत गुलामांच्या श्रमानें पिकणारी वेस्ट इंडीजची साखर सोडून दिलेल्या कुटुंबांचा उल्लेख करून, त्यांचा वांचलेला पैसा ह्या कार्यास लागावा असें सुचविलें आहे. श्रद्धा साखरेच्या हिशोबापर्यंत उतरविणारा हा मनुष्य होता. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग येथें संस्था स्थापन झाली; त्या दिवशीं कबूल झालेली रक्कम १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स होती.

येथवर आम्हीं कॅरीचा मार्ग प्रशंसनीय म्हणून दाखविला. परंतु ज्या प्रश्नावर चरित्रकार सर्वांत लवकर पुढें सरकतात त्यावर थांबलें पाहिजे. १० जून १७८१ रोजीं पिडिंग्टन येथें त्याचा डॉरोथी प्लॅकेट हिच्याशीं विवाह झाला. विवाहाच्या नोंदवहींत तिची सही नाहीं. अक्षरशून्य असल्यामुळें तिनें फुलीची निशाणी केली आहे. नवऱ्याच्या पाचारणाची पारख ओल्नीच्या मंडळीनें चौदा महिने केली. बायकोस हिंदुस्थानांत नेण्याच्या प्रश्नाची पारख कोणी व किती दिवस केली? तिनें प्रथम साफ नकार दिला होता. थोरल्या मुलास घेऊन कॅरी एकटाच निघाला. जहाजाची अडचण पडून खोळंबा झाला. तेवढ्यांत जॉन टॉमस ह्या सहकाऱ्यानें तिच्याकडे पुन्हां जाऊन, कुटुंब कायमचें विखुरेल व जन्मभर पस्तावशील, असें तिला बजावलें. हें टॉमसचेंच कथन आहे. तेव्हां धाकटी बहीण सोबत येईल ह्या अटीवर ती निघाली. तिचें सर्वांत लहान मूल तेव्हां महिन्याभराचेंच होतें. १३ जून १७९३ रोजीं डॅनिश जहाज सुटलें, व ११ नोव्हेंबरास मंडळी कलकत्त्यास पोंचली. पुढल्याच वर्षीं पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला. डॉरोथीचें चित्त भ्रमलें तें पुन्हां ठिकाणावर आलें नाहीं. ८ डिसेंबर १८०७ रोजीं ती श्रीरामपुरास मरण पावली.

ज्येष्ठ चरित्रकारांनीं तिला पतीच्या थोर कार्यास न शोभणारी बायको ठरविलें, किंवा तिच्या दुःखाचा उपयोग कॅरीचें धैर्य खुलविण्यासाठीं केला. हा न्याय नव्हे. तिचें एकही पत्र आपणांपुढें नाहीं. आहे ती फक्त फुलीची निशाणी. पाचारणाची सामुदायिक पारख हा बाप्टिस्ट पद्धतीचा गुण आम्हीं वर वाखाणला. परंतु ज्या घरांतून तें पाचारण निघावयाचें त्या घरच्या स्त्रीचें मत त्या पारखींत धरलें गेलें नाहीं, हा त्याच पद्धतीचा दोषही नमूद करणें भाग आहे. साधनें योजण्याच्या सिद्धांतांत साधन कोण बनतें, हा प्रश्न कॅरीनें आपल्या घरापुरता पुरा सोडविला नाहीं.

हाच प्रश्न मराठी पुस्तकांविषयींही उभा राहतो. फोर्ट विल्यम कॉलेजांत १८०१ सालीं कॅरीची नेमणूक दरमहा ५०० रुपयांवर झाली, १८०७ सालीं तें वेतन १००० रुपये झालें. स्वतःच्या गरजेपुरतें ठेवून बाकीचें तो श्रीरामपूरच्या सामाइक निधींत घाली. मराठी व्याकरणाच्या प्रस्तावनेंत त्यानें कॉलेजांतील मुख्य मराठी पंडित वैजनाथ ह्याचें साह्य नांवानिशीं मान्य केलें आहे. १८१४ सालीं श्रीरामपुरास छापलेली 'सिंहासन बत्तिशी' ह्याच पंडिताच्या नांवावर आहे. कॅरी कबुलीच्या बाबतींत कृपण नव्हता. परंतु इंग्रजी चरित्रांत वैजनाथ जवळजवळ दिसत नाहीं, आणि आपल्याकडेही 'कॅरीचा कोश' म्हणून आपण मोकळे होतों. ज्याच्या श्रद्धेंत एकट्याच्या प्रेरणेपेक्षां अनेकांच्या साह्यास अधिक किंमत होती, त्याची कृति एकट्याच्या नांवावर चढविणें त्याच्याच तत्त्वास सोडून आहे. कॅरीनें ही भाषा धर्मप्रसारासाठीं हातीं घेतली हें लपविण्याचें कारण नाहीं. १८०५ सालींच मत्तयकृत शुभवर्तमानही मराठींत निघालें. पण हेतु एक असला तरी फळ अनेकांचें होऊं शकतें, व मोडी टायपांतील कोश हें तसें फळ होय.

११ मार्च १८१२ च्या रात्रीं श्रीरामपूरचा छापखाना जळाला. कित्येक वर्षांचीं हस्तलिखितें गेलीं. कॅरीनें ती आपल्या पापाबद्दलची ताडना मानली, आणि हीं दोन गोष्टी त्याच्यापुरत्या एकच असल्याप्रमाणें, दुसऱ्याच दिवसापासून काम पुन्हां आरंभिलें. पुतण्यास त्यानें सांगून ठेविलें होतें कीं, मला नेटानें काम ओढणारा एवढेंच कोणी म्हटलें तर तें योग्य वर्णन होईल; त्यापेक्षां अधिक म्हणणें फाजील होईल. ९ जून १८३४ रोजीं तो वारला. मृत्युपत्रांत मिशनच्या मिळकतीवर आपला हक्क नाहीं असें त्यानें लिहिलें, ग्रंथसंग्रह विकून त्यांतून जेबेझ ह्या मुलास १५०० रुपये द्यावे असें सांगितलें, आणि थडग्यावर नांव, जन्ममृत्यूच्या तारखा व आयझॅक वॉट्सच्या गीतांतील दोन ओळी ह्यांखेरीज कांहीं नको असें बजावलें. त्या ओळींचा भाव स्वतःच्या दीनपणाचा व ईश्वराच्या दयेवरील भरंवशाचा आहे. खोट्या शिलिंगाची कबुली देणारा मुलगा व हें मृत्युपत्र लिहिणारा वृद्ध, ह्यांच्या श्रद्धेंत फरक पडलेला नाहीं.

येवंच, मोची, ईश्वराची हांक व हिंदुस्थान ह्या तीन वाक्यांच्या मधल्या जागेंत एक नोंदवही, एक समासलेख, कागदाचा नकाशा, विवाहवहींतील फुली व एका मराठी पंडिताचें नांव एवढीं साधनें सांपडतात, आणि कॅरीचें खरें पाचारण त्यांतच आहे. महाराष्ट्रांतील जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या सभांच्या वह्या, बाप्तिस्म्याचीं व विवाहाचीं दप्तरें आणि घरोघरचीं पत्रें ह्यांकडे आमच्या संग्राहकांनीं ह्याच दृष्टीनें पाहावें. तीं पोथ्यांइतकीं देखणीं नसतात, म्हणून रद्दींत आधीं जातात. धर्मांतराच्या वादांत दोन्ही बाजूंनीं बखरी पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. चौदा महिन्यांच्या पारखीची एक कोरडी नोंद त्यांपेक्षां अधिक सांगून जाते.